पोट टेकलेली गाडी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडला की आमच्या वस्तीपर्यंत पाऊण किलोमीटरची पाणंद आहे. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या ये-जा करण्याने तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा वरंबा उरतो. अण्णांच्या मारुती आठशेचा चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, त्या वरंब्यावर दोनदा फुटला होता. म्हणून मला गाडी शिकवताना क्लच-ब्रेकच्याही आधी अण्णांनी सांगितलं होतं, "चाकोरी सोपी दिसती म्हणून त्यात घालायची नाही. ट्रॅक्टरची चाकोरी ट्रॅक्टरला. आपण एका बाजूची चाकं वरंब्यावर घ्यायची."

हे सांगणं मला खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते पंधरा वर्षांनी, कॅनडाच्या क्युबेक प्रांतात, उणे १८ अंशांत.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी मॉन्ट्रियलजवळच्या ब्रोसारला राहायला आले. नोकरी ग्रॅनबीला, एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. अंतर साधारण ६५ किलोमीटर, जवळजवळ सगळं ऑटोरूट १० या महामार्गावरून. पाळी सकाळी सातची, आणि त्या वेळेला पोचवणारी बस नाही. तेव्हा एक जुनी टोयोटा यारिस घेतली, क्लच-गिअरची. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, कुठेही मावणारी. गाडी मला पहिल्या दिवसापासून आवडली. कारखान्याच्या पार्किंगमध्ये मात्र सगळीकडे उंच गाड्या आणि पिकअप. तिथली माझी वयाने मोठी सहकारी यारिसकडे बघत म्हणाली, "हिवाळ्यातही हीच?" त्या संध्याकाळी मी टेप घेऊन गाडीखाली वाकले आणि चेंबरखालची उंची मोजली. साडेपाच इंच, म्हणजे १४ सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही.

क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं सक्तीचं आहे. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवं. ते नसेल तर २०० ते ३०० डॉलर दंड. ही सक्ती किती योग्य आहे ते मला पहिल्याच बर्फात पटलं. साधा टायर ७ अंशांच्या खाली कडक होत जातो. हिवाळी टायर कडाक्याच्या थंडीतही नखाने दाबला तर दबतो, आणि त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. छोट्या गाडीचे टायर अरुंद असतात, हाही इथे फायदाच. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापत खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. "चारही चाकांना ताकद असलेली गाडीच हवी" असं मला अनेकांनी सांगितलं. जागेवरून सुटायला आणि चढायला ती ताकद उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. पण थांबायला आणि वळायला तिचा काही उपयोग नसतो. तिथे सगळं काम टायरच करतात. चांगले टायर लावलेली माझी यारिस साध्या टायरांवरच्या मोठ्या गाडीआधी थांबते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

डिसेंबरच्या एका रविवारी सकाळी सहाला एका बाजारसंकुलाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेले. रात्रभर पडलेला बर्फ अजून कोणी तुडवला नव्हता. तीसच्या वेगाने गाडी नेली आणि ब्रेक पूर्ण दाबला. पायाखाली ब्रेक करकरत थरथरू लागला, काहीतरी तुटतंय असं वाटून मी पाय उचलला. तीच चूक. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय, चाकं जाम होऊ देत नाहीये. पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. दहा-बारा वेळा केलं तेव्हा पायाला त्याची सवय झाली. मग वळण. स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी सरळच जात राहते, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा छातीत धस्स झालं. अशा वेळी आणखी वळवायचा मोह होतो. उलट ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग थोडं सरळ करायचं, की पुढच्या चाकांना पकड येते आणि मग गाडी ऐकते. तासाभराने सफाईच्या गाड्या आल्या तेव्हा मी निघाले. हिवाळ्यातला सगळ्यात मोलाचा तास तो.

घाटात गाडी चालवलेल्या माणसाला एक गोष्ट आयती ठाऊक असते, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. बर्फावरही ते बरोबर आहे, फक्त खालचा गिअर टाकल्यावर क्लच हळूहळू सोडायचा. झटक्याने सोडला तर पुढची चाकं ब्रेक दाबल्यासारखीच घसरतात. आणि जागेवरून निघताना पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून.

उलट, एक जुनी सवय मोडावी लागली. हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही, हे माझ्या हाताला इतकं भिनलेलं की विचार न करता हात जायचा. जानेवारीत एका सकाळी गाडी निघाली खरी, पण मागचं डावं चाक फिरेचना. बर्फावर ते नांगरासारखं ओढलं जात होतं आणि मागे गुळगुळीत पट्टा उमटत होता. हँडब्रेकच्या केबलमध्ये शिरलेलं पाणी रात्री गोठलं होतं. चाकाच्या मध्यभागी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने ठोकलं, तेव्हा सुटलं. तेव्हापासून हिवाळ्यात सपाट जागी गाडी नुसती पहिल्या गिअरमध्ये उभी करते. काचेवर मारायच्या पाण्याचंही तसंच, साधं पाणी चालत नाही. उणे ४० पर्यंत न गोठणारं निळं द्रव मिळतं, तेच भरायचं.

कडाक्याच्या थंडीची भीती मला लवकर गेली. २०२३ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे पारा उणे ३० च्या घरात गेला होता, पण त्या दिवशी रस्त्यावरचा बर्फ कोरडा, खरखरीत होता आणि टायर त्याला छान धरत होते. धास्ती वाटावी ती शून्याच्या आसपासची. त्या तापमानाला बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यासारखं घसरडं काही नाही. रस्त्यावरचं मीठ साधारण उणे १० पर्यंत नीट काम करतं. उणे १५ च्या खाली त्याचा फारसा उपयोग नसतो, तेव्हा बारीक खडी टाकतात. सगळ्यात दगा देतो तो काळा बर्फ, म्हणजे डांबरावरचा पारदर्शक थर, जो फक्त ओला रस्ता वाटतो. माझ्या वाटेवर रिशल्यू नदीवरचा पूल लागतो. पुलाखालून वारा जातो, त्यामुळे तो बाकी रस्त्याच्या आधी गोठतो. सहकारीने सांगितलेली खूण मी रोज वापरते. पुढच्या गाडीच्या चाकांमागे उडणारे तुषार बघायचे. रस्ता ओला दिसतोय पण तुषार एकदम थांबले, म्हणजे ते पाणी नाही. तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही, पाय हलकेच वर.

आता उंचीबद्दल सांगते, कारण छोट्या गाडीचं खरं दुखणं तेच आहे. ऑटोरूटवर मोठे ट्रक बर्फ दाबत दोन चाकोऱ्या पाडतात आणि मधे वरंबा उरतो, थेट आमच्या पाणंदीसारखा. दिवसा तो वरंबा चिखलासारखा मऊ असतो, संध्याकाळी गोठून कडक होतो. पहिल्यांदा माझ्या पायांखालून खर्र्र असा आवाज आला आणि थांबेचना, तेव्हा हात-पाय गार पडले. पोट घासत होतं. तिथे अण्णांचं बोलणं आठवलं. वेग चाळीसवर आणला, स्टिअरिंग घट्ट पण सावकाश वळवत डाव्या बाजूची चाकं वरंब्यावर घेतली. गाडी किंचित तिरकी झाली आणि आवाज थांबला. मात्र हे भर वेगात कधीच करायचं नाही, आणि लेन बदलतानाही तसंच. दोन लेनच्या मधे साचलेला मऊ काला चाकाला असा ओढतो की स्टिअरिंग हातातून निसटतं. ट्रकच्या चाकांमागून गळून पडलेले काळे गोळे दिसले तर त्यांच्यावरून गाडी नेऊ नये. दिसायला बर्फ, पण आतून दगड. एका गोळ्याने माझ्या पुढच्या बंपरखालचं प्लॅस्टिकचं आवरण अर्धं फाडून काढलं. ते दोन महिने मी तारेने बांधून फिरवलं.

एकदा नव्वदच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरायला लागलं. बॅलन्सिंग गेलं असं समजून मी गॅरेजला वेळ मागितली. तिथल्या माणसाने फोनवरच विचारलं, "चाकांच्या आतला बर्फ काढलात का?" रिमच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी मूठभर बर्फ गोठून बसला होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि थरथर गेली. तेव्हापासून रोज निघताना चारही चाकांच्या आत हात घालून बघते.

ग्रॅनबीची माणसं बर्फाला फारशी भीत नाहीत, पण गोठणाऱ्या पावसाचं नाव काढलं की त्यांचे चेहरे बदलतात. फ्रेंचमध्ये त्याला व्हेर्ग्ला म्हणतात. पाऊस पाण्याचाच पडतो, पण टेकेल त्यावर लगेच गोठतो. १९९८ च्या जानेवारीत पाच-सहा दिवस तसा पाऊस पडला, मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला काही ठिकाणी १०० मिलिमीटरच्या आसपास. विजेचे पोलादी मनोरे वाकून कोसळले. सेंट-इयासांत, ग्रॅनबी आणि सेंट-जाँ-सुर-रिशल्यू यांच्यामधल्या भागाला तेव्हापासून काळा त्रिकोण म्हणतात, कारण तिथे अनेक घरांत कित्येक आठवडे वीज नव्हती. माझी सहकारी तेव्हा तरुण होती, तान्हं मूल घेऊन शाळेच्या हॉलमध्ये राहिली होती. तिने मला बजावलं, "व्हेर्ग्लाच्या दिवशी टायर कितीही चांगले असले तरी किल्ली हातात घ्यायची नाही." ते मी पाळते.

आणि वारा. ऑटोरूटच्या दोन्ही बाजूंना मोकळी शेतं आहेत, झाड नाही की घर नाही. बर्फ पडायचा थांबला तरी वारा शेतातला भुसभुशीत बर्फ उचलून रस्त्यावर आणतो. त्याला इथे पूद्ररी म्हणतात. बोनेटपलीकडचं काही दिसत नाही. १९ फेब्रुवारी २०२० ला ब्रोसारला लागूनच असलेल्या ला प्रेरीजवळ, ऑटोरूट १५ वर, अशा एका झोतात सुमारे २०० गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि दोन माणसं गेली. मी तेव्हा इथे नव्हते, पण त्या जागेवरून जाताना अजून पाय आपोआप वर येतो. रोज पहाटे पाचला उठून पहिलं काम म्हणजे क्युबेक ५११ वर बघणं. रस्ता मोकळा, थोडा झाकलेला की पूर्ण झाकलेला, आणि दृश्यता कशी, हे तिथे प्रत्येक टप्प्यासाठी दिलेलं असतं.

एवढं सगळं शिकूनही मी अडकले.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. दुपारपासून बर्फ पडत होता. सुटी झाली तेव्हा अपघातामुळे ऑटोरूट एका टप्प्यात बंद होता. फोनवरच्या नकाशाने शेतांमधल्या रस्त्यावरून वाट दाखवली. इथे अशा सरळ रेषेतल्या गावरस्त्याला राँग म्हणतात. सुरुवातीला एका पिकअपच्या चाकोऱ्या होत्या. एक किलोमीटर मी त्यांच्या कडेकडेने गेले. मग त्या चाकोऱ्या उजवीकडे एका शेतघराच्या फाटकात वळल्या आणि पुढे नुसता पांढरा सपाट रस्ता. इथे थांबायला हवं होतं. मी नाही थांबले, कारण पलीकडचा मुख्य रस्ता दिव्यांवरून जवळ वाटत होता. तीसेक मीटर गेले. बंपर बर्फ ढकलत होता, बोनेटवर भुकटी उडत होती. मग स्टिअरिंग एकदम हलकं झालं. वेगाचा काटा वीसवर होता, पण खिडकीबाहेरचा कुंपणाचा खांब जागचा हलत नव्हता.

खाली उतरले तर गुडघ्याच्या वर बर्फ. चाकं खड्ड्यात रुतलेली नव्हती. ती नुसती टेकून होती आणि गाडीचं वजन पोटावर आलं होतं, होडीसारखं. सगळ्यात आधी मागे जाऊन हातांनी सायलेन्सरचं तोंड मोकळं केलं. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोंड बर्फाने बुजलं आणि इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. हीटर लावून बसलेली माणसं झोपल्यासारखी जातात. मी इंजिन बंद केलं, चारही दिवे लुकलुकते ठेवले, कोट अंगावर ओढला.

दहा-पंधरा मिनिटांनी त्या फाटकातून ट्रॅक्टर बाहेर आला. साठी उलटलेले गृहस्थ, हातात फावडं. त्यांनी टॉर्च घेऊन वाकून गाडीखाली बघितलं.

"मादाम, आता चाकं फिरवू नका. टायर तुमचे उत्तम आहेत. गाडी पोटावर बसलीय."

"ट्रॅक्टरने ओढता येईल का, मस्यु?"

"येईल, पण खालचं काहीतरी तिथेच राहील. आधी खणू."

ते एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने बर्फात पालथे झोपलो. गाडीखालचा बर्फ दाबून दाबून गुळाच्या ढेपेसारखा झाला होता. फावडं आत जात नव्हतं, कडेने खाचा पाडून ढेकूळ सुटे करून ओढून काढावे लागत होते. माझे हातमोजे ओले झाले, मग बोटांना काही कळेनासं झालं. मधेच त्यांनी मला थांबवून त्यांचे कातडी हातमोजे दिले. पाऊण तासाने टॉर्चचा उजेड एका बाजूने दुसऱ्या बाजूला आरपार दिसला आणि गाडी हलका आवाज करत चाकांवर बसली.

मी पुढचा गिअर टाकायला गेले, तसं त्यांनी काचेवर टकटक केलं. "पुढे नाही. ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे." बरोबरच होतं. मागची वाट माझ्याच चाकांनी दाबलेली होती, पुढे पुन्हा तेवढाच बर्फ. त्यांनी चाकांपुढे-मागे बादलीभर खडी टाकली, मी क्लच अर्धा धरून इंच इंच मागे आले, थेट त्यांच्या फाटकापर्यंत.

पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. बर्फ ढकलणारा सरकारी ट्रक येईपर्यंत अंगणात थांबायला सांगितलं. मी कुठली ते विचारलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे बर्फ नसेल." म्हटलं, बर्फ नाही, पण चिखलात गाडी अशीच पोटावर बसते, उसाच्या दिवसांत. ते हसले. "ला बुएत, चिखल! एप्रिलमध्ये इथे या, आमच्याकडेही आहे." साडेसातला ट्रक गेला, त्याच्या मागे बरंच अंतर ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी आखूड दांड्याचं, पत्र्याच्या धारेचं फावडं घेतलं, कारण लांब दांडा गाडीखाली चालवता येत नाही. डिकीत खडीची पिशवी, कोरडे हातमोजे दोन जोड, घोंगडीसारखी जाड शाल, टॉर्च. आणि फावड्याच्या टोकापासून १४ सेंटिमीटरवर दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळली. रोज पहाटे अंगणातल्या न तुडवलेल्या बर्फात फावडं उभं करते. लाल पट्टी बुडाली आणि ५११ वर रस्ता पूर्ण झाकलेला असला तर सुपरवायझरना फोन करते. पहिल्यांदा केला तेव्हा मला फार संकोच वाटत होता. ते म्हणाले, "प्लाऊ गेल्यावर निघा, नमुने थांबतील." त्या हिवाळ्यात असा फोन मी चार वेळा केला.

१५ मार्चला सक्ती संपली, तेव्हा सहकारीने टायर इतक्यात काढू नकोस म्हणून सांगितलं. ५ एप्रिलला पुन्हा गोठणारा पाऊस झाला, मॉन्ट्रियल आणि आजूबाजूच्या दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि आमच्या रस्त्यावर मेपलच्या फांद्या काचेच्या नळ्यांसारख्या फुटून पडल्या. मी घरीच होते.

टायर एप्रिलच्या शेवटी बदलले. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा मी खाली जाऊन उभी राहिले. पुढच्या चाकांमधला लोखंडी आडवा दांडा मधोमध घासून भांड्यासारखा लख्ख झाला होता, बाकी सगळीकडे मिठाचा पांढरा थर. तिथेच फोटो काढून अण्णांना पाठवला. भारतात रात्र होती, तरी लगेच फोन आला.

"चेंबर दिसंना त्यात. चेंबर बरा हाय न्हवं?"

मी मेकॅनिककडून त्याचा दिवा मागून घेतला, चेंबरवर धरला आणि व्हिडिओ कॉल लावला.